ओव्हरहॉल

सामंतबाई गुरुवारी सायकल टेकवून गेल्या दुकानाला.
म्हणाल्या, "घरत, सगळी खोला. घाई नाही."
हँडलला अजून विमानाची पट्टी चिकटलेली
आणि बाई इतक्या रापलेल्या
की मी आवाजावरून ओळखलं.

भांडुप पूर्वेला माझं दुकान. सहा बाय नऊ,
त्यातले तीन फूट कॉम्प्रेसरचे.
दिवसभर पंक्चर, इडलीवाल्याचा स्टँड,
कुणाच्या पोराला बाजूची चाकं काढून हवीत,
कुणाच्या पोराला परत लावून.
असली सायकल वर्षाकाठी एक.

जायच्या आधी बाईंनी नकाशा दाखवला होता:
मेक्सिकोच्या कडेला लोंबणारं एक हडकुळं बोट,
दोन्हीकडे समुद्र, मधे वाळवंट.
मी म्हटलं, दोन्हीकडे पाणी असून कोरडं कसं?
त्या म्हणाल्या, तेच तर.

रात्री शटर अर्धं ओढून मागचं चाक उघडलं.
वाळू पडली वर्तमानपत्रावर.
आपल्या चौपाटीची नव्हे. विटकरी, पिठासारखी,
छर्‍यांची सगळी चकाकी खाऊन बसलेली.
टायरला आतून अकरा ठिगळं.
बारावं भोक मोठं, त्याला टूथपेस्टची नळी कापून लावलेली
(मीच शिकवलं होतं. तेव्हा हसल्या होत्या).
बाटल्यांचे तीन पिंजरे, आणि चौथी बाटली
नुसती सुतळीने आवळलेली दांडीला;
म्हणजे तहानेचा हिशोब वाटेत कुठेतरी चुकला
आणि मग सुधारला.
पुढचा ब्रेक जवळजवळ नवा.
मागचा पार लोखंडापर्यंत.

साखळी रॉकेलमध्ये सोडणार
तर बोटांना खरखर लागली. पांढरं काहीतरी.
जिभेवर घेतलं.
त्यात लाज कसली. बाप असंच करायचा,
कांजूरच्या मिठागरात बांधावर उकिडवा बसून,
चिमूट जिभेवर, डोळे मिटलेले,
आणि आम्ही पोरं फावडी धरून वाट बघायचो
की म्हणतो "ओढा" की म्हणतो "दोन दिस र्‍हाऊ दे."

समुद्राचंच होतं. जाडं, शेवटी किंचित कडू.
म्हणजे तिकडेही कुणी ओढतं.
तिकडेही कुणाच्या टाचा फुटत असणार,
रात्री मेण लावून झोपत असणार कुणी.

हँडलच्या कापडी पट्टीवरही पांढरी नक्षी होती.
ती नाही चाखली. ती बाईंची.

रविवारी ट्रायल मारायला निघालो.
ट्रायल म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत आणि मागे,
तीस वर्षं तेवढीच.
पण नवी ग्रीस, घट्ट आरे, सायकल थांबेचना.
हायवेखालून पलीकडे गेलो,
मिठागराच्या फाटकाशी पोचलो तेव्हा ऊन चढलेलं.
पाटी, कुलूप, पलीकडे भेगाळलेले वाफे.
अडीच किलोमीटर फार तर.
एवढ्यात घसा सुकला माझा,
आणि बाटली एकही घेतली नव्हती.
आत बापाचा बांध कुठला ते ओळखू येईना.
थोडा वेळ उभा राहिलो. घंटी वाजवून बघितली.
घंटी छान वाजत होती.

सोमवारी बाई आल्या. बिल वाचलं, पैसे मोजले,
पुढच्या चाकाला उगाच एक गिरकी दिली.
मी ब्रेकचे जुने रबर कागदात बांधून ठेवले होते,
गिर्‍हाइकाला दाखवायचे असतात.
त्यांनी हातात घेतले. बराच वेळ बघितले.
"एक उतार चालत उतरले मी, घरत.
मैलोन् मैल माणूस नव्हतं,
तरी लाज वाटली."

मी म्हटलं, नवे घातलेत.
आता दाबा हवे तेवढे.