येणे बाकी

कॉलेजातून हॉलंबाखबाई आल्या.
हातात सुती मोजे, गाडीत करड्या पुठ्ठ्याच्या पेट्या.
“यांत आम्ल नसतं,” म्हणाल्या.
म्हटलं, मग या गावात तेवढंच आम्लावाचून!
पेनसिल्व्हेनियातला हा ओढा बघा,
खाण बंद होऊन साठ वर्षं झाली, अजून नारिंगी वाहतो.

लिथुआनियन खाणकामगारांचं आमचं मंडळ.
आजारपणाला मदत, मेल्यावर पेटी आणि चार खांदे.
सभासद आता तीन.
अदोमास इस्पितळात. युर्गिसला ऐकू येत नाही,
त्यामुळे ठराव सगळे एकमताने पास होतात.
हाही झाला:
सगळं कॉलेजला द्यावं, छप्पर बसायच्या आत.

बाई मोजत गेल्या.
मतदानाची पेटी. काळ्या गोळ्या तेरा.
पांढऱ्या कुणाच्या तरी पोरांनी खेळायला नेल्या.
हजेरीची वही. मी वाचून दाखवली:
“पाय मोडला. आठवड्याला पाच डॉलर.”
“भेटीला गेलो, घरी नव्हता. गुत्त्यात सापडला.
पैसे बंद.”
बाई हसल्या. मी नाही सांगितलं
तो माझा आजा.

मग फिती निघाल्या,
छातीवर लावायच्या, त्रेचाळीस.
एका अंगाने लाल-हिरव्या, सोनेरी झालर,
मिरवणुकीसाठी.
उलटली की काळी. मयतीसाठी.

बाईंनी एक उजेडात धरली
आणि बराच वेळ बोलल्या नाहीत.
लाल अंग करकरीत, कालच दुकानातून आणल्यासारखं.
काळं अंग विटून तपकिरी,
टाचणीच्या जागी टाचणीची भोकं,
भोकांची चाळण.

मिरवणूक वर्षातून एकदा, तीही पाऊस नसला तर.
खाणीचं छत बसायला
वार लागत नसे, तिथी लागत नसे.

“पेटीत कोणती बाजू वर ठेवू?”
मी युर्गिसकडे पाहिलं.
तो म्हणाला, हो.

दुपारी यादी झाली. सही करायच्या आधी
दोन फिती मी बाजूला काढल्या,
एक त्याला, एक मला.
अदोमासचा डॉक्टर शुक्रवारी बोलणार आहे.

बाईंनी कारण विचारलं नाही.
मोजा काढला, कानामागची पेन्सिल घेतली
(त्यांच्यात शाई चालत नाही)
आणि त्रेचाळीसच लिहिले.
पुढे, बारीक अक्षरात:
पैकी दोन येणे बाकी.