सातवं वळण

मला ती वर्षाला चार सेकंद दिसायची.
फार तर पाच, चिखल असला तर.

सातव्या वळणावर माझी प्लास्टिकची खुर्ची,
गळ्यात शिट्टी, मांडीवर दोन झेंडे,
मेंढ्या हाकलायला काठी.
वर काय झालं ते रेडिओ सांगतो,
खाली काय झालं ते टाळ्या.
मधलं तेवढं माझं.

वेल्सचा हा डोंगर पाटीच्या दगडाचा.
खाण चालू होती तोवर मी त्याचे पापुद्रे काढायचो:
छिन्नी ठेवायची, नस बघायची, एकच घाव.
हात कचरला की दगड वाकडा फुटतो.
मग खाण बंद. गावाला उतरती कळा.
दुकानं गेली, चॅपलला कुलूप लागलं,
आणि एक दिवस पोरं सायकली घेऊन आली
आम्ही टाकलेल्या कपच्यांवरून खाली सुटायला.
आम्ही हसलो.
उतारावरनं खाली यायला शिकावं लागतं होय?

अकराव्या वर्षी माब्ली माझ्या वळणावर थांबली.
भावाची सायकल, ब्रेकपर्यंत बोटं पुरेनात.
ओल्या कातळाकडे बघितलं, उतरली,
सायकल कडेकडेने हाताने नेली
आणि खालून वळून कातळाकडे असं पाहिलं
जसं उधारी राहिलेल्या माणसाकडे पाहतात.

तेराव्या वर्षी पडली.
गळ्याचं हाड मोडल्याचा आवाज मला आला होता,
वाळक्या काटकीसारखा.
लाल झेंडा वर धरून मी ओरडलो, हलू नकोस.
ती म्हणाली, चाक वाकलंय का बघा ना.

पंधराव्या वर्षी ब्रेकवर दोन बोटं.
सोळाव्या वर्षी एक.
सतराव्या वर्षी सगळ्यांसारखी बाहेरून आलीच नाही,
आतून आली, बुंध्यावरून,
जिथून वाट आहे हे मला
तीस वर्षं हा दगड फोडून ठाऊक नव्हतं.
कचरली नाही. एकच घाव.
मी झेंडा हलवायचा विसरलो.
गावाची उतरती कळा आणि तिची चढती कमान
एकाच उतारावर.

मग ती आमच्या शर्यतीला येईनाशी झाली.
ऑस्ट्रिया, आंडोरा, कॅनडा.
आता पबमधल्या पडद्यावर बघतो.
कोपऱ्यातला आकडा लाल झाला की कुणी बोलत नाही,
हिरवा झाला की बारमागची मेगन ग्लास पुसायची थांबते.
ऑस्ट्रियात तिसरी आली तेव्हा
पूर्ण तीन मिनिटं अकरा सेकंद दिसली.
एवढी माब्ली मी एका वेळी कधी पाहिली नव्हती.
खरं सांगू, ओळखूच आली नाही.
अंगभर कंपन्यांची नावं, आणि माझं वळण कुठेच नाही.

नोव्हेंबरात मी पाण्याचे चर उपसत होतो.
ती पायी आली, धुक्यातून,
उलट्या बादलीवर बसली.
थर्मासचं झाकण दोन्ही हातांत धरलं,
कारण उजवी मूठ अजून नीट मिटत नव्हती,
मोसम संपून तीन आठवडे झाले तरी.

"इथून मी कशी दिसते, इद्वाल?"
"आधी मेंढ्या माना वर करतात.
मग आवाज येतो.
मग तू गेलेली असतेस."

हसली. मग फावड्याच्या पात्यावरचा चिखल
नखाने खरवडत म्हणाली,
नॉर्वेची एक पोरगी आलीय, अठराची.
ब्रेकवर तिचं एकही बोट नसतं म्हणतात.

यावर काय बोलावं मला सुचेना.
ती उठली, कातळापाशी उकिडवी बसली,
ओल्या दगडावर तळहात टेकून,
ताप बघावा तसा.
चहा निवला. मेंढ्या परत वाटेवर आल्या,
कुणी हाकललं नाही.
ती किती वेळ तशी बसली होती, सांगता येणार नाही.
मी घड्याळ बघितलं नाही.