खोलीचा रकाना

दुपारचे तीन. महापालिकेचा दुसरा मजला.
स्क्रीनवर सोलापूरचा अख्खा पूर्व भाग
हिरव्या रेघांचा, चेंबरला चेंबर जोडलेला,
बाण सगळे उताराकडे.
फक्त एक रेघ लाल.
सॉफ्टवेअर म्हणतं, पाणी चढावर जात नाही.
मीही तेच म्हणते. पण जातंय, चाळीस वर्षं.

शेवटी इरण्णा मुकादमांना बोलावलं.
रिटायर झालेले, चष्मा घरी विसरलेले.
काचेवर बोट टेकवलं, ठसा उमटला.
"हितं एक झाकण हाय की ओ मॅडम,
डांबराखाली. तुमच्या नकाशात कसं येईल?
कारखान्यात सूत रंगवलं की
आम्ही वर बसून बघायचो,
लाल पाणी कुटनं निघतंय ते."

मी ठिपका टाकला.
रेघ तोडली, दोन्ही टोकं त्याला चिकटवली.
बाण वळला.
साल: माहीत नाही.
बांधकाम: वीट, चुना.
खोली?

ते खुर्चीतून उठले,
तळहात आडवा धरला छातीशी,
मग थोडा थांबून गळ्याशी नेला.
"पावसाळ्यात," म्हणाले.

रकान्यात फक्त आकडा बसतो.
मी ड्रॉवरमधून टेप काढला
आणि म्हटलं,
असेच उभे राहा, हलू नका.