उरवाई, दिवा, परत

चावी अर्धीच फिरवली. इंजिन अजून झोपलेलं,
जिन्सी नाल्यावर धुकं, हवेत पाच अंश,
आणि डॅशबोर्डावरचा काटा
एका उडीत उकळीवर.

"इसमें क्या देखना," हरगोविंद मिस्त्री म्हणाला,
"मीटर खराब है." आणि बिडी पेटवली.

इंदापूरकरांनी फियाट विकतानाच सांगितलं होतं:
काट्याकडे लक्ष देऊ नका, बाई,
सुरू झाली की आपोआप गार पडतो.
लक्ष दिव्याकडे ठेवा.
लाल दिवा मिणमिणला की समजायचं, तेल.

मी सत्तावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
मुलींच्या हातून फुटलेली थर्मामीटरं मोजली आहेत.
पाच अंशात काही उकळत नाही.

बॉनेट वर केलं, विजेरी दातांत धरली.
दोन वस्तू शोधायच्या होत्या.
एक लगेच सापडली: हेडवर, थर्मोस्टॅटच्या घराला लागून,
पितळी, करंगळीच्या पेराएवढी, पाण्यात नाक बुडवून बसलेली.
दुसरी खाली, ब्लॉकच्या कुशीत, फिल्टरच्या वर.
काळा थर नखाने खरवडला
तेव्हा कुठे तिची षटकोनी कंबर दिसली.
दोघींना एकेकच तार,
दोन्हींचा रंग उडालेला.

"तार निकालो, बॉडी से छुआओ."
मिस्त्री बिडी विझवून जवळ आला होता.
त्याला आत बसवलं. मी पितळेवरची तार ओढली,
मडगार्डच्या उघड्या बोल्टला टेकवली.
काटा हलायला हवा.
"बत्ती जली!" तो आतून.
पुन्हा टेकवली.
"बत्ती, मैडम, बत्ती."
मग खालची तार. नुसती काढली,
आणि काटा पडला म्हणे, सटकन,
थेट थंडीत.

आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.
नाल्यापलीकडे कुणी शटर उघडत होतं.

डिपस्टिक काढून पाहिली: तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर.
रेडिएटरचं झाकण काढलं: पाणी तळाला.

गाडीसोबत एक वही आली होती, डॅशच्या कप्प्यात,
एका विमा कंपनीची, पानं तांबूस.
मी ती आधी नीट वाचली नव्हती.

१२ मार्च. उरवाई. दिवा. परत. तेल पाव लिटर.
९ एप्रिल. उरवाई. दिवा. परत. तेल पाव लिटर.
भाऊबीज. पुण्याचे पाहुणे. उरवाई, दुसरं वळण. दिवा. परत.
रविवार. कु. म्हणाली इथून चालत जाऊ. तिचे गुडघे. परत.

अशी अकरा वर्षं.
किल्ला खिडकीतून दिसतो त्यांच्या,
रोज, चहाच्या वेळी.
आणि ती बिचारी दर चढाला पाणी मागत होती,
तिला तेल पाजलं.

शेवटून चौथ्या पानावर फक्त एवढंच:
कु. आता विचारत नाही.

तारा बदलायला दोन मिनिटं लागली.
चावी फिरवली: दिवा लागला, जसा लागायला हवा.
स्टार्टर मारला: विझला.
काटा तळाशी, मग हळूहळू,
कुणी उन्हात सरकून बसावं तसा वर.
मिस्त्रीने पैसे घेतले नाहीत,
पाण्याचा डबा मात्र स्वतः मागच्या सीटखाली ठेवून दिला.

वरच्या वाहनतळावर गाडी लावून मी वहीत लिहिलं:
२१ जानेवारी. पाणी साडेतीन लिटर. उरवाई.
काटा मध्यावर.
पुढे हात सवयीने "परत" लिहायला गेला, त्यांची सवय, माझ्या हाताला.
थांबून लिहिलं: वर.

काल इंदापूरकरांचा फोन होता.
त्या वहीत कुसुमचं नाव आहे दोन-चार ठिकाणी,
तेवढी वही मिळेल का.
देते म्हणाले.
माझं पान फाडून ठेवलं आहे,
फाडल्याची कड दिसते.
शनिवारी जाईन, कदाचित गाडी दूर लावून.