ढील

ओवळ्याहून येऊरला जायला सव्वा तास लागला.
पुढे सिमेंटचा मिक्सर, मागे सिमेंटचा मिक्सर,
रस्त्याचं नाव घोडबंदर
आणि अख्ख्या रस्त्यात घोड्याचा मी एकटाच.
फाटकावर वनखात्याचा माणूस : कुठे?
घोडी बघायला.
तो हसला, लग्न कोणाचं?

आमचा धंदा वरातीचाच. तिसरी पिढी.
घोडं कसं घेतात ते मला शिकवायला नको.
ओठ उलटून दात बघायचे,
भोवरे मोजायचे, गळ्याखाली देवमण आहे का चाचपायचं,
मग एक टाच, एक चाबूक,
आणि भाव रुमालाखाली, बोटांनी.

शलाका टिपणीसांनी रुमाल बघितला.
भाव ठरलेला आहे, म्हणाल्या, आधी आत तर या.

आत म्हणजे बांबूचं गोल कुंपण.
तांबडी माती, मधे मी, आणि ती.
जोंधळी. पांढऱ्या अंगावर जोंधळ्याएवढे ठिपके.
तोंडात लगाम नव्हताच,
नाकावरून नुसती सुताची दोरी होती,
बाईंनी तीही काढली.

आता काय करू?
काही करू नका.

काही न करणं मला येत नाही
हे मी बोललो नाही,
पण खांद्यांनी सांगितलं असणार,
कारण ती पार कडेला गेली
आणि माझ्याकडे पुठ्ठा करून उभी राहिली.
गिऱ्हाइकासारखे बघताय तिच्याकडे.
अहो, गिऱ्हाईकच आहे मी.
तेच म्हणतेय तीसुद्धा.

बापाची बिजली काळी होती.
तिच्या तोंडात काटेरी कडियाळं,
दोन पायांवर उठायची, बेंजोच्या ठेक्यावर,
लोक नोटा ओवाळायचे : काय नाचते!
लाळ गुलाबी यायची. आम्ही म्हणायचो, गुलाल.
बाप वाईट नव्हता.
रात्री परतल्यावर स्वतःच्या हाताने गूळ भरवायचा तिला,
त्याच तोंडात.

दोरी परत बांधली, एक टोक माझ्या हातात.
ओढा. हळू. अजून हळू.
तिने पाऊल उचललं की त्याच घटकेला सोडा.
ओढल्याने नाही शिकत घोडं,
सोडल्याने शिकतं.

ओढली. तिने पाऊल टाकलं.
हात सुटला नाही.
परत. परत नाही सुटला.
तिसऱ्या वेळी तिने मान वळवून
माझ्याकडे असं बघितलं
जसं मास्तर बघतात, फी भरलेल्या मठ्ठ पोराकडे.
घोडी तयार आहे, बाई म्हणाल्या,
दोन वर्षं घालवलीत मी तिच्यात.
कोरं शिंगरू कोण, ते त्यांनी बोलायचं टाळलं.

वरातीला लावणार?
तुळशीच्या लग्नानंतरच्या अकरा तारखा
खिशातल्या डायरीत होत्या. बयाणा घेतलेला.
हो, म्हणालो. खोटं कशाला.
त्या गप्प. खाली दरीत कुठेतरी भोंगा वाजला,
घोडीचा एक कान तिकडे गेला, एक माझ्याकडेच राहिला.
कितीतरी वेळाने त्या म्हणाल्या :
भावात कमी होणार नाही. आणि चार रविवार यायचं,
रिकाम्या हाताने.
मग बघू, ती काय म्हणते.

इसार दिला. पावती नाही घेतली.
घोडी तिथेच राहिली,
दोरी मात्र घेऊन जा म्हणाल्या, घरी.

रात्री जेवणं झाल्यावर
कृपेशला म्हटलं, धर रे हे टोक, उभा राहा तिकडे.
नऊ वर्षांचा आहे. खेळ वाटला त्याला.
मी ओढली. हळू. अजून हळू.
तो एक पाऊल आला. अजून एक.
मग थांबला, आणि हसू जाऊन म्हणाला,
बाबा,
आलो ना मी?
सोडा की.