रकाना

पोरीच्या पडताळणीला वंशावळ लागते,
मुद्रांकावर, सत्यप्रतिज्ञेवर.
मी लिहिलं: श्रावस्ती, बाप शालिक,
शालिकचा बाप पत्रू, पत्रूचा उरकुडा,
उरकुडाचा डोमा.
डोमाच्या वर एक रेघ नुसतीच गेली
आणि कागद संपला.

मे महिना. आर्वीची रेकॉर्ड रूम.
कूलरमध्ये पाणी नव्हतं,
कोतवाल बुकांची धूळच फिरत होती गरगर.
बाबू बोट ओलं करून पानं उलटायचा,
पान तुटलं की फुंकर मारून पुढे जायचा.
दुसऱ्या दिवशी मौजा बोरखेडी सापडलं,
सन एकोणीसशे वीस.
जन्म. मुलगा. नाव उरकुडा
(म्हणजे आधीची दोन गेलेली,
हा जगावा म्हणून उकिरड्यावर टाकून परत उचललेला).
बाप डोमा वल्द झिंगर.
जात: पलटण.

बाबू हसला.
ही काही जात नाही भाऊ, म्हणाला.
यादीत नाही.

घरी देवकाआत्या चुलीसाठी तुराट्या मोडत होती.
बुढा अडनले गेलता, म्हणे, आगबोटीत बसून.
का बसऱ्याले, कोन जाने बाप्पा.
खारा वारा अन् उंट, इतलंच सांगे.
एकवीस साली पलटण मोडली.
मंग पदक मोडलं.
चांदीचं होतं, राजाचं तोंड होतं त्याच्यावर,
कडेले बुढ्याचा नंबर.
सोनारानं आटवून बुढीचे जोडवे केले.

म्हणजे राजाचं तोंड आमच्या बुढीच्या बोटात,
शेणात, पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, नाल्याच्या गाळात.
जोडवे झिजले की सोनाराकडे जायचे,
थोडे हलके होऊन परत यायचे,
सासूच्या बोटातून सुनेच्या बोटात.
बयना. राधका. मग माझी माय, पुनी.
तिघींपैकी एकही वंशावळीत नाही.
नमुन्यात तसा रकानाच नाही.

त्या रात्री डोळा लागला नाही.
पटवाऱ्याच्या ओट्याखाली डोमा उभा,
सुटीवर आलेला, अंगात खाकी,
पायातले बूट काढलेले नाहीत.
पटवाऱ्याला माहीत आहे, अख्ख्या गावाला माहीत आहे,
तरी विचारावं लागतं, म्हणून तो विचारतो.
पलटण, डोमा म्हणतो.
पटवारी वर बघतो. मग खाली, बुटांकडे.
टाक बुडवतो.
चार अक्षरं.
शाई वाळेपर्यंत डोमा तिथून हलला नसेल.
मी तरी हललो नसतो.

तिसऱ्या दिवशी चौतीस साल निघालं.
मृत्यू. डोमा झिंगर. वय अंदाजे पंचेचाळीस. ताप.
हात दुसरा, शाई जाड,
आणि रकान्यात ती तीन अक्षरं,
ठसठशीत, एकही खाडाखोड नाही.
सापडलं! मी ओरडलोच.
बाबूलाही आनंद झाला, भला माणूस,
त्यानं चहा सांगितला, स्वतः शिक्का मारून दिला.
अर्धा कप संपल्यावर माझ्या ध्यानात आलं
मी कशासाठी ओरडलो ते.

श्रावस्तीनं दोन्ही झेरॉक्स खाटेवर शेजारी-शेजारी ठेवल्या.
दोन्ही जोडू ना बाबा.
म्हटलं, नाही. एकच.
नोंदीत फरक दिसला की फाइल अडकते.
ती काही बोलली नाही.
चौतीसवाली तिनं फाइलीला लावली,
टाचणी नीट बसली का पाहिलं.
विसातली घडी घातली, आणखी एक घडी घातली,
आणि मोबाइलच्या कव्हरमागे सरकवली,
जिथं ती बसचा पास ठेवते.