पंचवीस हजारांच्या आत

खराडीत, सहाव्या मजल्यावर,
चौदाशे बारा माणसांचा पगार माझ्या हाताखालून जातो.
व्यवसाय कर महिन्याला दोनशे
आणि फेब्रुवारीत तीनशे.
का, ते नवी पोरं दरवर्षी विचारतात.
अकरा दुणे बावीस, वर्षाचे पंचवीसशे,
उरलेलं कुठेतरी चिकटवावंच लागतं ना, मी सांगते.

संध्याकाळी कर्वेनगरात पोचते तेव्हा
इंदुमती गवारे दारातच चपला घालून उभ्या,
रेवा कडेवर,
तिची मूठ त्यांच्या मंगळसूत्रात अडकलेली.
त्यांचा पगार आमच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरात राहतो.
न आलेल्या दिवसावर फुली.
आलेल्या दिवसावर काहीच नाही.
दिवाळीची उचल, सहा हजार, पेन्सिलीनं,
दुधाच्या हिशेबाखाली.

गुरुवारी म्हणाल्या,
ताई, एक कागद पाहिजे. पोरीच्या होस्टेलला.
किती पगार देता ते लिहून.
शिक्का असला तर बरं.

शिक्का!
मी हसले, आणि ते हसू तोंडात तसंच राहिलं.

रात्री ऑफिसचाच नमुना उघडला.
नाव: इंदुमती सोपान गवारे.
पदनाम:
इथे कर्सर बराच वेळ लुकलुकत बसला.
सोसायटीच्या रजिस्टरात त्या 'बी-७०४ बाई'.
रेवा त्यांना नुसतं 'इंदू' म्हणते,
एकेरी, घरच्या माणसाला म्हणावं तसं.
रुजू दिनांक:
रेवाला पहिला दात आला तो आठवडा.
तारखेसाठी फोटो चाळले.
प्रत्येक फोटोच्या कडेला हिरव्या बांगड्यांचा हात,
चेहरा मीच कापलेला.

मूळ वेतन बारा हजार.
भविष्य निर्वाह निधी, शून्य.
अर्जित रजा, शून्य.
मग व्यवसाय कराची ओळ आली.
नियम मला झोपेतही येतो:
स्त्री, पंचवीस हजारांच्या आत, माफ.
एवढ्या एका ओळीत सरकारनं त्यांना कामावर पाहिलं
आणि लगेच सोडूनही दिलं.
बाकीच्या ओळींत जे माफ होतं
ते मी केलेलं.
मला स्वतःला.

मार्चमधल्या तीन फुल्या.
त्यांच्या सासूचे दिवस होते.
बाराशे कापले होते मी, चारशेच्या दरानं, अगदी बरोबर.
त्या तीन दिवसांत मीही घरी होते,
भरपगारी,
आणि चिडलेली.

सकाळी कागद दिला. शिक्का नाही, सही.
त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं,
पदनामाच्या रिकाम्या चौकटीशी जरा थांबलं ते,
मग पुढे गेलं.
"यात फुल्या कुठं आहेत?"
"यात नसतात."
"मग किती कापलं ते मला कसं कळायचं?"

मी घाईनं म्हणाले,
पुढच्या महिन्यापासून हजार रुपये जास्तीचे,
तुमच्या नावानं, पोस्टात टाकत जाईन.
त्यांनी कागदाची चौघडी केली,
रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवली.
"टाका की. पण मला चौथा शनिवार द्या.
पगार न कापता."

हो म्हणाले. लगेच म्हणाले.
लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली तेव्हा आठवलं,
चौथ्या शनिवारी
आमच्याकडे चौदाशे बारा जणांचा
पगार निघायचा असतो.